परुळेकरांची सायडर

परुळेकर आयुष्यात कधी दारू प्यायले नाहीत, पण दारू करत मात्र असत. घरी, स्वयंपाकघरात, सफरचंदाच्या रसाची. तिला सायडर म्हणतात हे मला त्यांच्यामुळेच कळलं. आता परुळेकर नाहीत, करामा भागातली आमची ती इमारतही पाडून टाकली, तेव्हा लिहायला हरकत नसावी. एरवी दुबईत घरी दारू करणं म्हणजे थेट तुरुंग आणि मग परतीचं विमान. आणि परुळेकर तर असे, की सिग्नलला हिरवा माणूस दिसला तरी दोन-चार जणांना आधी रस्ता ओलांडू देत. ते पलीकडे सुखरूप पोचले की मग आपण निघत. तोवर पुन्हा लाल झालेला असे. अशा माणसाने हा उद्योग का मांडला, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नाही. अजूनही सगळं सुटलंय अशी खात्री नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये आम्ही चौघे शेजारी होतो. एका टोकाला मी, मग साळुंखे, मग नायर आणि दुसऱ्या टोकाला परुळेकर. ते वेंगुर्ल्याकडचे, पन्नाशी ओलांडलेले, लग्न न केलेले. उंच, किडकिडीत, आणि कुणाच्याही घरात शिरताना आधी दाराच्या बिजागऱ्या न्याहाळणारे. मी एका भारतीय शाळेत ग्रंथपाल. परुळेकर मला मास्तर म्हणत. मी शिकवत नाही, पुस्तकं देतो-घेतो, असं सुरुवातीला सांगून पाहिलं. "शाळेत जाता ना रोज? मग झालं तर," म्हणाले.

शारजाच्या औद्योगिक भागात एका वर्कशॉपमध्ये ते सेफ्टी व्हॉल्व्ह तपासत. बॉयलरमध्ये वाफ फार साठली की आपोआप उघडून तिला वाट करून देणारी ही झडप. गिऱ्हाईक कंपन्यांकडून असे व्हॉल्व्ह यायचे, परुळेकर त्यांच्यात हवा भरून बघायचे, नेमक्या आकड्याला उघडला तर सील मारायचे. या कामाने त्यांना एक वाक्य दिलं होतं. ते वाक्य म्हणजे, "डोळ्यांनी बघितलंत?"

पुण्यात पाऊस सुरू झाला, असं मी सहज बोललो तरी, "डोळ्यांनी बघितलंत?" बायकोने फोनवर सांगितलं म्हटलं की, "म्हणजे ऐकलंत." हॉटेलात वेटरने सुरमई ताजी आहे म्हणून सांगितलं, तर हे उठून थेट भटारखान्यात. इमारतीतल्या गणपतीला प्रसाद संपला असं यजमानीणबाई स्वतः सांगत असल्या तरी परुळेकर पातेल्यात वाकून बघत. त्यांना शिरा फारसा आवडत नसे. पण संपला आहे हे कळायला पाहिजे ना.

दोन हजार आठ संपता संपता आमच्याकडे मंदी आली. आधी बातम्यांत आली, मग क्रेन थांबल्या, मग लिफ्टमध्ये ओळखीचे लोक एकमेकांकडे बघेनासे झाले. शाळेने पगार कमी केला, तेव्हा मी बायकोला आणि मुलीला पुण्याला पाठवलं. साळुंखे साइट इंजिनियर, अबू धाबीत अल रीम आयलंडवर त्याचा टॉवर उभा राहत होता. तो अर्ध्यात थांबला. साळुंखेनेही बायको-मुलाला कराडला पाठवलं. प्रत्येक मजल्यावर हेच. वर्षभरापूर्वी ज्या जिन्यात कुठे मोहरी तडतडते आणि कुठे चपाती करपते हे वासावरून सांगता यायचं, तिथे नुसता फिनेलचा वास राहिला. माणसं होती, पण दारामागे एकेकटी.

जाणारे लोक जाताना सामान वाटून जात. परुळेकरांच्या वर्कशॉपमधला इंग्रज साहेब गेला, तो त्यांना एक मोठं प्लॅस्टिकचं पिंप, यीस्टची पाकिटं आणि सायडर करायची तोंडी कृती देऊन गेला. परुळेकरांनी ती भिडेखातर ऐकून घेतली. पिंप गॅलरीत नेऊन ठेवलं आणि त्यात कांदे-बटाटे भरले.

मग नायरचं झालं. नायर एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंटंट होता. अबोल, नीटनेटका. त्याचीही नोकरी गेली होती, पण त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्या दाराशी वर्तमानपत्रं साचू लागली. तो सुट्टीवर केरळला गेला असणार, असं आम्ही सगळेच धरून चाललो. येणाऱ्याजाणाऱ्याला अडखळायला होऊ नये म्हणून परुळेकर कामावर जाताना ती वर्तमानपत्रं उचलून, कडा जुळवून, भिंतीला नीट रचून ठेवत. पुढे वास आला तेव्हा पोलिसांनी दार उघडलं. हृदयविकार, म्हणाले. किती दिवस झाले ते दाराबाहेरच्या चळतीवरून मोजलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत परुळेकरांनी कांदे-बटाटे काढून पिंप धुतलं आणि सायडरचं वेड घेतलं. दुःखाने माणसाचं डोकं फिरतं असं मी वाचलं होतं. पण ते सफरचंदाकडे फिरतं, असं कुठे वाचनात आलं नव्हतं.

कृती सोपी होती. सुपरमार्केटमधून सफरचंदाच्या रसाचे खोके आणायचे, पिंपात ओतायचे, साखर घालायची, यीस्ट सोडायचं. आठवडाभराने तो फेसाळता रस कोल्ड्रिंकच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत भरायचा आणि झाकणं घट्ट लावायची. इथपर्यंत मला समजत होतं. यापुढचं समजत नव्हतं. कारण बाटल्या भरून झाल्या की परुळेकर त्या स्वतःकडे ठेवत नसत, वाटून टाकत.

एका सकाळी बेल वाजली. दारात परुळेकर, हातात बाटली. ही तुमच्याकडे ठेवा, म्हणाले. आत गॅस तयार होतो. रोज सकाळ-संध्याकाळ झाकण सैल करून तो सोडायचा आणि पुन्हा घट्ट लावायचं. विसरलात तर फुटेल. मी येईन बघायला. माझ्या घरात बेकायदा वस्तू ठेवायला मी तयार आहे का, हा प्रश्न त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता. मी भिडस्त. बाटली पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशांच्या मागे ठेवली.

आणि खरंच ते रोज दोनदा येऊ लागले. बेल वाजवायची, मी बाटली आणायची, त्यांच्यासमोर झाकण फिरवायचं, फुस्स असा आवाज व्हायचा, की त्यांनी मान डोलवायची. गंमत म्हणजे ते बाटलीकडे बघतच नसत. माझ्याकडे बघत. डोळे लाल दिसतात, झोप झाली नाही वाटतं. रात्री काय खाल्लंत? नुसता ब्रेड? जवळ येऊन, मान वाकडी करून, चेहरा निरखत. मी काय समजावं? मला वाटलं, मी त्यातली चोरून पितो असा यांना संशय आहे. काही दिवसांनी त्यांनी न विचारताच मी सांगू लागलो, "मी घेतलेली नाही हो." त्यावर ते गोंधळून बघत आणि, बरं बरं, म्हणून साळुंखेची बेल वाजवायला जात.

एकदा शाळेची गडबड होती, म्हणून मी बाटली दाराबाहेर ठेवली आणि वर चिठ्ठी लावली, की कृपया आपणच गॅस सोडावा. परुळेकर इतके संतापले की मी शाळेतून येईपर्यंत पॅसेजमध्ये उभे होते. बाटली आपण हातात देतो ती विश्वासाने, ती अशी दारात टाकायची नसते, वगैरे. चिठ्ठीचे चार तुकडे करून माझ्या हातात दिले.

बाटल्या वाढत गेल्या. वरच्या मजल्यावरचा ड्राफ्ट्समन, तळमजल्यावरची एक रिटायर्ड नर्स, बिनखात्याचा झालेला एक सेल्स मॅनेजर, सगळ्यांकडे एकेक. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशांना सुगावा लागला. ते बिचारे कुटुंबवत्सल, पण थर्टी फर्स्टला जरा गंमत म्हणून त्यांनी एक बाटली मागितली. परुळेकरांनी साफ नकार दिला. कारण काय, तर तुम्ही घरात चौघं आहात. जोशांनी हे मला येऊन विचारलं, की चौघं असण्याचा आणि बाटलीचा काय संबंध? मीही विचार केला. चौघांना ती पुरणार नाही असं त्यांना म्हणायचं असेल, एवढंच मला सुचलं.

फोनवर ते सायडरला सरबत म्हणत. इमारतीचा नातूर, म्हणजे राखणदार, शफीक. त्याला नाकाने सगळं कळलं होतं, पण तो माणूस अदबशीर. जिन्यात भेटला की दारूला व्हिनेगर ठरवून हळूच म्हणे, "साब, आज आपका सिरका बहुत महक रहा है." माझी मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, इज दॅट इव्हन लीगल?" मी म्हटलं, सरबत आहे. "देन व्हाय आर यू व्हिस्परिंग?"

आणि चव? चवीचं काय सांगावं. ती कधी तयारच झाली नाही. बाटली हळूहळू शांत होई, फुस्स आवाज बारीक होत जाई, तळाशी गाळ बसे, वर सोनेरी, नितळ रंग येई. मला वाटे, आता झाली. तेवढ्यात परुळेकर खिशातून साखरेची पुडी काढत आणि एक चमचा आत टाकत. बाटली पुन्हा खवळे. पुन्हा सकाळ-संध्याकाळ फुस्स. अजून हवी, म्हणत. साळुंखेने एकदा धीर करून पेलाभर चाखली. त्याचं तोंड जे वाकडं झालं ते बराच वेळ सरळ होईना. "काका," तो म्हणाला, "ही दारू आहे का शिक्षा?" परुळेकरांना राग आला नाही. उलट साळुंखे बऱ्याच दिवसांनी विनोद करतो आहे हे बघून ते इतके खूश झाले, की त्यांनी त्याला दुसऱ्या बाटलीचीही जबाबदारी दिली.

मी पुस्तकी माणूस. शाळेच्या वाचनालयात आंबवण्याच्या रसायनशास्त्रावर एक जुनं पुस्तक होतं, ते घरी आणून वाचलं. त्यात सरळ लिहिलं होतं, की झाकणाला भोक पाडून एक नळी बसवावी आणि नळीचं दुसरं टोक पाण्याच्या पेल्यात सोडावं. गॅस बुडबुड्यांनी आपोआप निघून जातो. माणसाने लक्ष द्यायची गरज नाही. मी एक शुक्रवार खर्च करून, मत्स्यालयाच्या दुकानातून नळी आणून, मेण लावून ते बसवलं. चाललंही. बुडबुडे असे शिस्तीत येत होते की मी खुर्ची ओढून बघत बसलो. परुळेकर आले तेव्हा अभिमानाने दाखवलं.

त्यांनी नळी उपटली, गुंडाळली आणि खिशात घातली.

"असलं काही नको," म्हणाले.

मी म्हटलं, "परुळेकर, आयुष्यभर तुम्ही हेच काम केलंत. आपोआप उघडणारी झडप."

"तो बॉयलर. हे वेगळं."

काय वेगळं, ते त्यांनी सांगितलं नाही. खिशातून एक साधं झाकण काढून लावलं, घट्ट आवळलं आणि जेवलात का म्हणून विचारलं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, की हा माणूस भला आहे पण आता पुरता बिघडला आहे. आणि बाटली परत करून टाकायची. रोज ठरवत असे. रोज बेल वाजली की झाकण फिरवत असे.

पुढच्या उन्हाळ्यात साळुंखेचीही नोकरी गेली. टॉवर थांबला होता तो आता कायमचा. तो दिवसभर घरी असे. परुळेकर त्याच्याकडे दोनऐवजी तीन वेळा जाऊ लागले. उन्हाळ्यात गॅस जास्त होतो, हे कारण.

एका शुक्रवारी सकाळी साळुंखेने दार उघडलं नाही. परुळेकर माझ्याकडे आले. मी म्हटलं, झोपला असेल, किंवा भाजीला गेला असेल. सुट्टी आहे.

"डोळ्यांनी बघितलंत?"

नाही, म्हटलं. ते परत गेले. बेल वाजत राहिली. मग दारावर थापा. मग हाका. मी बाहेर आलो तेव्हा पॅसेजमध्ये शफीक उभा होता आणि सांगत होता, की साब, माझ्याकडे चावी नाही. मालकाला फोन करतो, मालक नमाजाला गेला असेल, दुपारनंतर बघू. दार तोडलं तर माझी नोकरी जाईल. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मीही म्हटलं, परुळेकर, थोडं थांबू.

आणि मग हिरव्या सिग्नललाही न निघणाऱ्या त्या माणसाने पॅसेजभर घुमेल अशा आवाजात सांगितलं,

"अंदर दारू है, शफीक. मैंने बनाई है. बोतल फटेगी, सब लोग मरेगा. तोडो दरवाजा."

एवढ्याने भागेना म्हणून पुन्हा, आणखी मोठ्याने. दारू. मी बनवली. माझं नाव परुळेकर. वरच्या मजल्यावरून कुणीतरी डोकावलं. जोशीबाई जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. शफीक हात जोडून म्हणत होता, साब, धीरे बोलो, धीरे. मला घाम फुटला होता. एका कोल्ड्रिंकच्या बाटलीसाठी हा माणूस स्वतःला तुरुंगात घालायला निघाला आहे, असं मला वाटत होतं. आणि हे सगळं बोलताना परुळेकरांचे हात दारावर पसरलेले होते, आतलं काही ऐकू येतंय का म्हणून ते कान लावून होते. शफीकने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, बाजूला व्हायला सांगितलं आणि खांदा मारला. तिसऱ्या धक्क्याला कडी निघाली.

साळुंखे पलंगाशेजारी जमिनीवर पडला होता. अंग तापाने भाजत होतं, ओठ फुटले होते. बेल ऐकू येत होती, पण उठता येत नव्हतं, असं त्याने नंतर सांगितलं. परुळेकर फरशीवर बसले आणि त्याचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं.

मी मात्र नियमाने वागलो. धावत स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर बाटली फुगून ढोलासारखी झाली होती. मी मोठ्या धैर्याने झाकण फिरवलं. फवारा थेट छतापर्यंत गेला. माझा चष्मा, ट्यूबलाइट, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं सफरचंदाने न्हाऊन निघालं. केवढा तरी आवाज झाला. मी ओरडून सांगितलं, सोडलं, प्रेशर सोडलं. बाहेरच्या खोलीत परुळेकर रुमाल भिजवून साळुंखेच्या ओठांवर पिळत होते आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मेल्या, हाक तरी मारायचीस. मी इथे पलीकडेच असतो. हाक तरी मारायचीस."

शफीकने त्याला पाठीवर घेऊन खाली नेलं. टायफॉइड निघाला, शिवाय अंगातलं पाणी आटलेलं. आणखी उशीर झाला असता तर वाचला नसता, असं डॉक्टर म्हणाल्या. सलाईन लागल्यावर साळुंखेने डोळे उघडून, काका, असं म्हटलं, तेव्हाच परुळेकर खुर्चीत बसले. दुपारी आम्ही टॅक्सीने घरी निघालो. माझ्या शर्टाला आंबूस वास येत होता आणि ड्रायव्हर आरशातून बघत होता. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "बाटली वाचली बरं का. थोडी सांडली, पण फुटली नाही."

परुळेकर खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी माझ्याकडे वळून अगदी मनापासून विचारलं,

"कुठली बाटली?"

माझ्यासारखा वाचणारा माणूस इतका मंद असू शकतो, हे पचवायला मला करामा येईपर्यंतचा रस्ता लागला.

कुणी तक्रार केली नाही. जोशीबाईंनी संध्याकाळी परुळेकरांसाठी मऊ भात पाठवला. शफीकने कडी स्वतः बसवली आणि मालकाला सांगितलं, की लाकूडच सडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परुळेकर येण्याआधी मी तयार झालो आणि त्यांच्या दाराची बेल वाजवली. त्यांनी दार उघडलं ते घाबरून. काय झालं, मास्तर? कुणाला काय झालं? मी म्हटलं, काही नाही, सहज आलो. त्यांना सहज येणं म्हणजे काय ते कळेना. पॅसेजमध्ये वाकून त्यांनी मागे कुणी आहे का ते पाहिलं.

मी म्हटलं, "तुमच्याकडची बाटली बघायला आलोय."

"माझ्याकडे कुठे बाटली? सगळ्या वाटल्या."

"तेच म्हणतोय."

ते दारात उभे राहिले. एक हात चौकटीवर. आत ओट्यावर एकच कप, एकच बशी, आणि टेबलाला एकच खुर्ची लावलेली. इतक्या वर्षांत मी त्यांच्या घरात कधी पाऊल टाकलं नव्हतं, कारण नेहमी तेच येत. मग त्यांनी घसा खाकरला. "बसायला खुर्ची आणावी लागेल तुमच्याकडून," म्हणाले. मी जाऊन आणली. चहा केला त्यांनी. दूध जास्त झालं होतं.

मग मी रोज सकाळी जाऊ लागलो. साळुंखे बरा झाला, कराडला गेला, तिथे त्याला काम मिळालं. मंदी ओसरली, क्रेन पुन्हा फिरू लागल्या, कुटुंबं परत आली. माझं मात्र आलं नाही, मुलीचं पुण्यातच कॉलेज सुरू झालं होतं. सायडर मागे पडली. कुणी सांगितलं नाही, ठरवलं नाही, पण एके दिवशी पिंपात पुन्हा कांदे दिसले. परुळेकर सकाळी मला विचारत, काय बघायला आलात, मास्तर? मी म्हणे, तुम्हाला. ते म्हणत, बघितलंत? आता चहा घ्या.

काही वर्षांनी एका सकाळी त्यांनी दार उघडलं नाही. मी पुन्हा बेल वाजवली नाही. तिथेच जिन्याच्या पायरीवर बसावंसं वाटलं, पण बसलो नाही. शफीकला हाक मारली. डॉक्टर म्हणाले, पहाटे झोपेतच गेले असावेत. त्यांच्या बहिणीला वेंगुर्ल्याला मी फोन केला, तेव्हा तिने रडत पहिला प्रश्न विचारला, की तो किती वेळ तसा पडून होता?

मी म्हटलं, फार नाही हो. इमारतीत अजून कुणाचा सकाळचा चहासुद्धा झालेला नाही.